माहितीपटातले दौलतराव

सुतकाच्या घरात टीव्ही लागणार नाही, हे सुंदराबाईंनी काळाचौकीच्या त्या खोलीत पाऊल टाकल्यावर पाणीसुद्धा न पिता जाहीर केलं. तसं सांगायची गरज नव्हती. दौलतराव गेल्यापासून टीव्हीकडे कोणी पाहिलंही नव्हतं. पण सुंदराबाई म्हणजे दौलतरावांची थोरली बहीण. भावाच्या घरी त्या आजवर आल्या त्या काहीतरी हुकूम सोडतच. या खेपेला मात्र हुकूम सोडताना मध्येच आवाज फुटला आणि उरलेलं वाक्य त्यांनी पदरात संपवलं.

निरोप मिळाल्याबरोबर त्या मालवणहून निघाल्या होत्या. गाडी घाटात बंद पडली. त्या पोचल्या तेव्हा पुरुषमंडळी भोईवाड्याच्या स्मशानातून परत येऊन गॅलरीत पाय धूत होती.

"तोंड तरी बघूक गावात म्हणान धावत इलंय," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तेवढा पण नाय गावला."

मीराबाई, म्हणजे दौलतरावांच्या बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवऱ्याची तिरडी खालून उचलली तेव्हापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. रडल्याही नव्हत्या. कोणी चहा दिला तर पीत, नाही दिला तर मागत नसत. शेजारच्या खोलीतले अप्पा, म्युनिसिपालिटीतले निवृत्त हेडक्लार्क, रोज येऊन बसत. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "बोलतील. वेळ लागतो." चार दिवसांनी त्यांनी तेही म्हणणं सोडलं.

मुलगा पुष्कर लोअर परळच्या एका वेबसाइटवर सिनेमांची विनोदी परीक्षणं लिहायचा. पंधरा-वीस दिवसांनी दादरला माहितीपटांचा महोत्सव भरणार होता आणि सगळे माहितीपट त्याच्याकडे आधीच बघायला आले होते. त्याची वरिष्ठ नूपुर फोनवर म्हणाली, "पुष्कर, तू राहू दे रे. मी मॅनेज करते."

"नको, मी करतो."

"अरे, पण फनी लिहायचंय."

"बघतो."

तो हट्टाला पेटला होता असं नाही. मयताच्या घरात सगळ्यांना काही ना काही काम असतं. बायकांना चूल असते, शेजाऱ्यांना फोन असतात. मुलाला फक्त डोकं भादरून बसायचं असतं, आणि पुष्करला तेच जमत नव्हतं. म्हणून त्याने कोपऱ्यात लॅपटॉप उघडला.

पहिला माहितीपट उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ समुद्रातल्या दीपगृहाचा होता. पडद्यावर लाटा दिसताच सुंदराबाईंची मान वळली.

"ह्या काय?"

"ऑफिसचं काम आहे, आत्ये."

"कामात समुद्र कित्याक?"

प्रकरण अप्पांकडे गेलं. अप्पांनी चष्मा लावला, पाच मिनिटं पडद्याकडे बघितलं आणि निकाल दिला, "सुंदराबाई, हा माहितीपट आहे. यात करमणूक अजिबात नसते. पूर्वी थेटरात पिक्चरच्या आधी दाखवायचे, तेव्हा लोक मुद्दाम बाहेर चहा पीत उभे राहायचे. सुतकात चालेल."

सुंदराबाईंनी तो निकाल मानला आणि पडदा नीट दिसावा म्हणून पाट पुढे ओढला. कामापुरता. दीपगृहाचा रखवालदार सांगत होता की तो वर्षानुवर्षं इथं एकटा राहतो, माणसाचं दर्शन नाही. पुष्करने त्याचं बोलणं मराठीत सांगितलं.

"एकटो खय?" सुंदराबाई म्हणाल्या. "फोटो काढणारो थयच आसा मा?"

पुष्करने ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. त्या दिवसातली त्याची ती पहिली ओळ होती.

दुसरा माहितीपट गोगलगायींवर होता. एक गोगलगाय एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते, आणि तेवढ्यात अप्पांना डुलकी लागून जागही आली. "पोचली?" त्यांनी विचारलं. नव्हती पोचली. "मग मी औषध घेऊन येतो," असं म्हणून ते घरी गेले, औषध घेतलं, सुनेशी दोन शब्द बोलले आणि परत आले. गोगलगाय तिथंच होती. "आमच्या खात्यात असती तर बढती मिळाली असती," अप्पा म्हणाले. तेही पुष्करने लिहून घेतलं.

तिसरा माहितीपट मात्र त्याने बंद करायला हवा होता. परदेशातल्या एका खेड्यात मयताच्या घरी भाड्याने रडायला बायका बोलावतात, त्यांच्यावर तो होता. पडद्यावर काळ्या कपड्यातल्या बायका छाती पिटत होत्या. सुंदराबाईंनी बराच वेळ बारकाईने पाहिलं.

"रडाक बरा येता," त्या शेवटी म्हणाल्या. "पण नाव घेवन रडणत नाय. नाव घेतल्याशिवाय रडण्याक काय अर्थ?" मग त्यांनी मीराबाईंकडे पाहिलं. "आणि आमच्याकडे बघ. घरची आसान रडणा नाय."

मीराबाई भिंतीला टेकून पडद्याकडेच बघत होत्या.

त्या रात्री परीक्षण छापलं गेलं. नूपुरचा मेसेज आला, "कसला भारी लिहिलायस. लोक धडाधड शेअर करतायत. आर यू ओके?" बाप गेला त्याच आठवड्यात आपण आयुष्यातलं सर्वात विनोदी परीक्षण लिहिलं, आणि त्यातला एकही विनोद आपला नाही, हे लक्षात येऊन पुष्करने फोन पालथा ठेवला.

घोटाळा झाला तो चौथ्या माहितीपटात. हा गिरणगावावर होता. बंद पडलेल्या गिरण्या, त्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, आणि मधल्या काळात निघालेले कामगारांचे मोर्चे. दौलतरावांची गिरणीही त्यातच गेली होती. पुढे ते फोर्टातल्या एका इमारतीत लिफ्टमन झाले आणि निवृत्तीपर्यंत वरखाली करत राहिले. त्यामुळे या वेळी खोलीत कोणी थट्टा केली नाही. पडद्यावर जुना मोर्चा चालला होता. रस्त्याकडेला एक माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, हातात चहाचा ग्लास, कोणाशी तरी बोलता बोलता मान मागे टाकून मनापासून हसला.

"दौलत," सुंदराबाई म्हणाल्या.

पुष्करने झटकन चित्र थांबवलं. सुंदराबाई गुडघ्यांवर रांगत पुढे आल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पडदा हातभर. त्यांनी त्या चेहऱ्यावर बोटं ठेवली. "दौलतच तो. बघ रे, कसो हसता."

पुष्करने बघितलं. ते बाबा नव्हते. टोपी, मिशी, बांधा सगळं होतं, पण बाबा नव्हते. बाबा हसताना नेहमी तोंडावर हात धरायचे. असं मोकळं तोंड करून हसताना त्याने त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. आत्याला कसं सांगावं याची तो मनात जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"होय. तेच ते."

मीराबाई बोलल्या होत्या.

त्या सरकत सुंदराबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. "मोर्च्याला जायचे तेव्हाचं असेल," त्या म्हणाल्या. "बघून घ्या, वन्सं. पोटभर बघून घ्या."

पुष्कर अप्पांकडे वळला. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इतके दिवस मुकी असलेली बाई बोलली होती. अशा वेळी वस्तुस्थितीला फारसं महत्त्व नसतं, हे त्यांना नोकरीतल्या अनुभवानेही माहीत होतं. "नाक तेच आहे," ते म्हणाले.

बातमी गॅलरीतून खाली आणि जिन्यावरून वर गेली. दौलतराव पिक्चरमध्ये आहेत. एकेक जण येऊ लागला. पुष्कर चित्र मागे नेई, दौलतराव हसत, लोक हात जोडत. कित्येकांच्या कपाळावर आठी पडली. ज्यांच्याशी आपण रोज नळावर बोललो ते असे दिसत होते का, असं त्यांना वाटलं असावं. पण बायको म्हणते तेच, बहीण म्हणते तेच, मुलगा स्वतः दाखवतोय. सुतकाच्या घरात जाऊन हे तुमचे वडील नव्हेत असं कोण सांगणार? मंडळी एवढंच म्हणत, "तेव्हा तब्येत बरी होती." आणि चहा पिऊन जात.

मंडळाचा कार्यवाह राहुल मात्र फोटोच्याच शोधात होता. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता आणि घरातून त्याला मिळाला होता तो आधार कार्डावरचा फोटो. त्यात दौलतराव चोरी कबूल करायला आल्यासारखे दिसत होते. राहुलने लॅपटॉपच्या पडद्याचाच मोबाइलवर फोटो मारला.

"राहुल, हा नको रे," पुष्कर दबक्या आवाजात म्हणाला.

"भाई, का नको? काकांचा असा हसरा फोटो कुठे भेटणार? एकदम झक्कास बनवतो. टेन्शन नको घेऊस."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स उभा होता. फ्लेक्सवाल्याने आपल्या मनाने टोपी काढून केस बसवले होते आणि वर निळा कोट चढवला होता. खाली लिहिलं होतं, 'मंडळाचे आधारस्तंभ, दिलदार मार्गदर्शक कै. दौलतराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' दौलतरावांना मंडळाने उभ्या आयुष्यात कधी मार्ग विचारला नव्हता.

पुष्कर गॅलरीतून ते बघत असतानाच नूपुरचा फोन आला. "ऐक ना, त्या गिरणीवाल्या फिल्मचा रिव्ह्यू बाकी आहे. आणि एक सांग, त्यातला कुठला फोटो बाहेर नाही ना गेला? दिग्दर्शक फार जपतायत. पहिला शो व्हायचाय अजून."

"बाहेर म्हणजे कितपत बाहेर?" पुष्करने विचारलं.

"म्हणजे?"

"काही नाही. करतो मी काहीतरी."

तो तडक चौकात गेला. राहुलला काय ते सांगायचं आणि फ्लेक्स उतरवायचा, असं त्याने ठरवलं होतं. पण फ्लेक्सखाली सुंदराबाई उभ्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "माजो भाव." पाववाल्याला सांगितलं, रिक्षाची वाट बघणाऱ्या एका अनोळखी बाईला सांगितलं. पुष्करला बघून म्हणाल्या, "इलंस? बघ, कोटात कसो दिसता."

पुष्करने फ्लेक्स उतरवला नाही. घरी आल्यावर आई भाकरी थापत होती. इतक्या दिवसांनी तिने परातीत पीठ घेतलं होतं. तो तिच्याजवळ बसला.

"आई, ते बाबा नाहीयेत. तुला माहितीये ना?"

"बायको आहे मी त्यांची," मीराबाई म्हणाल्या. "मला नको माहीत?"

"मग?"

मीराबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "एवढ्या लांबून म्हातारी धावत आली. तिला तोंड बघायला नाही मिळालं. तिला दिसला ना भाऊ? दिसू दे. गावी जाईपर्यंत गप बस तू."

म्हणून पुष्कर गप्प बसला. तेराव्यापर्यंत निभावलं असतंही. पण भोईवाडा काळाचौकीपासून फार लांब नाही, आणि तिथले लोकही रस्त्याने जाता-येता फ्लेक्स वाचतात.

तेराव्याचं जेवण होतं. गॅलरीत पंगतीची पानं मांडली जात होती, तेव्हा एक गृहस्थ आणि त्यांची बायको जिना चढून वर आली.

"दौलतरावांचं घर हेच का?"

"हेच, या," अप्पा खाली बघून द्रोण मोजत म्हणाले. "आत फोटो आहे, दर्शन घ्या." मग त्यांनी वर पाहिलं. हातातले द्रोण खाली घरंगळले.

"दर्शन काय घ्यायचं? फोटो माझाच आहे," ते गृहस्थ म्हणाले. "मी गौतम. भोईवाड्याला राहतो. वारलोय म्हणे मी."

त्यांची बायको जाईबाई दम खात जिन्याच्या कठड्याला टेकली. "कालपासून नुसता उच्छाद मांडलाय. एकाचा फोन आला, वैनी, कसं झालं हो? मी म्हटलं, कशाचं? आंघोळीला गेलेत. तर तो फोनवरच रडायला लागला. त्याला वाटलं, मला भ्रम झालाय."

पुष्करने दोघांना गॅलरीच्या टोकाला नेलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. गाडी बंद पडलेली, आत्याचा मोतीबिंदू, आईचं बोलणं. गौतमराव भांडायलाच आले होते, पण ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. तेही गिरणीतलेच होते, दुसऱ्या गिरणीतले.

"मग आता काय म्हणणं आहे तुझं?"

"आत्या उद्या सकाळी गावी जातेय. तोपर्यंत तुम्ही तिला दिसला नाहीत तर..."

"म्हणजे मी जिवंत आहे हे म्हातारीला कळता कामा नये?"

"हो," पुष्कर म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते वाक्य ऐकवेना. "माफ करा."

तेवढ्यात सुंदराबाई पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आल्या. पाठोपाठ मीराबाई. गौतमरावांना बघून मीराबाईंनी कपाळाला हात लावला आणि नणंदेचा दंड धरला. "वन्सं, आत चला जरा."

सुंदराबाई हलल्या नाहीत. त्यांनी जवळ जाऊन, मान वर करून गौतमरावांना निरखलं.

"फोटोत जरा बारीक होतंस," त्या म्हणाल्या.

मीराबाई म्हणाल्या, "वन्सं, हे ते नव्हेत हो."

"माका ठावक आसा. माजो भाव माका वळखाक येवचो नाय?" सुंदराबाईंनी भांडं कठड्यावर ठेवलं. "दौलत तोंडार हात धरून हसायचो. म्होरचो दात नव्हतो ना. ल्हान असताना कैरीक दगड मारलेलो मी, तो तेका लागलो. तुमका गिरणीत पडलो म्हणान सांगल्यान असतलो. माजा नाव नाय घेतल्यान कधी."

"मग बोलला का नाहीत तेव्हाच?" मीराबाईंनी विचारलं.

"पयल्यांदा बघितलंय तेव्हा माका खराच तो वाटलो. मगे नीट बघितलंय. सांगणार होतंय, तर तू होय म्हटलंस." सुंदराबाईंचा आवाज बारीक झाला. "इतक्या दिवसांत तू पयल्यांदा तोंड उघडलंस, गो. माका वाटला, ह्या पोरीच्या डोक्यार परिणाम झालो. नाय म्हटलंय तर परत गप होतली. म्हणान चौकात जावन उभी रवलंय. तुज्यासाठी."

मीराबाई नणंदेकडे बघत राहिल्या. त्यांच्या घशातून आधी हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. मग त्या खाली बसल्या आणि दौलतरावांचं नाव घेऊन रडल्या. बायको नवऱ्याचं नाव घेते यावर त्या दिवशी सुंदराबाईंनी हरकत घेतली नाही. त्याही शेजारी बसून रडत होत्या. जाईबाईंना या घरातलं कोणी माहीत नव्हतं, तरी त्यांनी दोघींच्या पाठीवरून हात फिरवला.

मग अप्पांनी सगळ्यांना पंगतीला बसवलं. गौतमराव नको नको म्हणत होते, पण सुंदराबाईंनी हुकूम सोडला. जाईबाई पहिला घास हातात घेऊन थबकल्या. "नवऱ्याच्या तेराव्याला नवऱ्याशेजारी बसून जेवणारी मी पहिलीच असेन," त्या म्हणाल्या, आणि वाढणाऱ्यालाही हसू आवरेना. राहुल मान खाली घालून मीठ वाढत होता. फ्लेक्स आत्ताच उतरवतो, असं तो दोनदा म्हणाला.

"राहू दे रे उद्यापर्यंत," गौतमराव म्हणाले. "दिलदार मार्गदर्शक लिहिलंय. जिवंतपणी कोण लिहितं?"

पुष्कर त्यांच्या शेजारीच बसला होता. त्याने विचारलं, "त्या मोर्च्यात तुम्ही एवढे कशाला हसत होता?"

गौतमरावांनी आठवून पाहिलं. "घरं मिळणार म्हणत होते."

"मिळालं?"

"नाही."

"मग?"

"चहा मात्र मिळाला होता," गौतमराव म्हणाले आणि भातावर आमटी मागितली.

संध्याकाळी पुष्करने एवढंच संभाषण लिहून परीक्षण म्हणून पाठवलं. फोटोचं जे झालं तेही नूपुरला सांगून टाकलं. तिने फोनवरच ते संभाषण पुन्हा एकदा वाचून काढलं. मग म्हणाली, "दिग्दर्शकांशी मी बोलते. पण हा रिव्ह्यू फनी आहे का, ते मला खरंच कळत नाहीये."

"मलाही नाही," पुष्कर म्हणाला.

सकाळी सुंदराबाईंना लालबागला गाडीवर पोचवायचं होतं. हे काम नेहमी दौलतरावांचं असे. पुष्करला पिशव्या किती, गाडी कुठे थांबते, काहीच माहीत नव्हतं. तो जिना उतरला तर खाली गौतमराव उभे होते. "म्हटलं, सामान असेल," ते म्हणाले आणि जड पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली.

ते चौकातून चालू लागले. पुढे सुंदराबाई, मागे पिशवी घेतलेले गौतमराव आणि वर, निळ्या कोटात, हसणारे गौतमराव. पाववाल्याने फ्लेक्सकडे पाहिलं, पिशवीवाल्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकाला जास्तीचे पाव बांधून दिले. सुंदराबाईंचं लक्ष नव्हतं. उन्हात टोपी घाल, बायकोला उलट बोलू नको, चतुर्थीला गावाला ये, असे त्यांचे हुकूम चालू होते. गौतमराव प्रत्येकाला "होय" म्हणत होते.

गाडी आली. सुंदराबाई खिडकीत बसल्या. त्यांनी बाहेर हात काढून आधी पुष्करच्या आणि मग गौतमरावांच्या गालावरून फिरवला. गाडी वळणाआड गेली तरी गौतमराव हात वर करून उभे होते. मग ते पुष्करला म्हणाले, "गेली. आता रडायला हरकत नाही."

इतक्या दिवसांत पुष्करला हे कोणी सांगितलं नव्हतं. सगळे धीर धर म्हणत होते. त्याने त्या परक्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भर रस्त्यात तो हमसून हमसून रडू लागला. गौतमराव त्याच्या भादरलेल्या डोक्यावर थोपटत राहिले.

तेवढ्यात पलीकडच्या फुटपाथवरून मंडळाचे एक जुने सभासद लगबगीने आले. ते बाहेरगावी होते, सकाळीच फ्लेक्स वाचून त्यांना बातमी कळली होती. "पुष्कर, धीर धर बाळा, बाबा गेले तरी आम्ही सगळे..." एवढं म्हणून त्यांनी मान वर केली आणि बाळाला थोपटणाऱ्याकडे पाहिलं.

ते एक पाऊल मागे सरले. बराच वेळ विचार करून त्यांनी हात जोडले, सांत्वनाचा नमस्कार नेमका कोणाला करावा ते न कळल्यामुळे दोघांनाही वेगवेगळा केला, आणि आल्या वाटेने हळूहळू निघून गेले.